एका ‘हो’ची किंमत: हॉलिवूडचा ‘मेटाइम’

तुमच्या ओळखीत असं कोणी आहे का, ज्यानं केवळ भिडेखातर ‘हो’ म्हटलं आणि मग ते ‘हो’ जन्मभर निभावलं? समोरच्यानं आपल्यासाठी इतकं केलंय, आता नाही कसं म्हणायचं, एवढ्याच एका विचारानं? थोडं आठवून पाहा. प्रत्येक घराच्या आसपास असं एखादं माणूस सापडतंच. त्याच्याविषयी कोणी वाईट बोलत नाही, उलट ‘शब्दाचा पक्का’ म्हणून कौतुकच होतं.

आज ज्या सिनेमाविषयी सांगायचंय तो अशाच एका ‘हो’वर उभा आहे. नाव ‘मेटाइम’. साल 1937, कंपनी एमजीएम, दिग्दर्शक रॉबर्ट झेड. लिओनार्ड. कृष्णधवल, दोन तासांहून थोडा जास्त लांब आणि गाण्यांनी गच्च भरलेला. नायिका ऑपेरा गायिका आहे. ऑपेरा म्हटल्यावर ‘आपल्याला काय कळणार त्यातलं’ असं वाटून पान पुढे सरकवू नका. संगीत नाटक पाहिलेल्या किंवा आजी-आजोबांकडून त्याच्या गोष्टी ऐकलेल्या मराठी माणसाला हा प्रकार अजिबात परका नाही. पात्र बोलता बोलता गायला लागतं, गाणं संपलं की पुन्हा बोलायला लागतं, आणि आपण ते बिनतक्रार मान्य करतो. तसंच हे.

एक सूचना मात्र आधीच देते. मी कथा शेवटापर्यंत सांगणार आहे. नव्वद वर्षांच्या आसपास पोचलेल्या सिनेमाचं रहस्य काय जपायचं! शिवाय यात शेवट काय होतो यापेक्षा तो कशामुळे होतो ते पाहण्यात खरी गंमत आहे.

बागेतल्या मिस मॉरिसन

सिनेमा सुरू होतो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका छोट्या अमेरिकन गावात. दिवस मे डेचा. आपल्याकडे मे म्हणजे रखरखीत ऊन, आंबे आणि शाळेच्या सुट्ट्या. 1 मे म्हणजे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. युरोप-अमेरिकेत मात्र जुना मे डे हा वसंताचा सण. झाडं फुलांनी लगडलेली, मुलं नाचतायत, असा. सिनेमाभर जिथे-तिथे गळणाऱ्या पाकळ्या दिसतात त्या याच वसंताच्या. हे डोक्यात असलं की शीर्षकाचा अर्थ लागतो.

या गावात मिस मॉरिसन नावाच्या एक वृद्ध बाई एकट्या राहतात. शांत, सौम्य. त्यांच्याबद्दल गावाला फारसं काही माहीत नाही. त्यांच्या ओळखीतली बार्बरा ही तरुण मुलगी चांगली गाते. तिला न्यूयॉर्कला जाऊन ऑपेरात नाव काढायची संधी आली आहे. तिचा प्रियकर किप यावरून भडकलाय. भांडण, रडारड, आणि बार्बरा मिस मॉरिसनच्या बागेत येऊन बसते. तेव्हा या बाई तिला सांगतात की आपण पूर्वी कोण होतो. मार्सिया मॉर्ने, एके काळची प्रसिद्ध ऑपेरा गायिका.

आणि आपण जाऊन पोचतो तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिसमध्ये.

मार्सिया तरुण आहे, अमेरिकन आहे आणि नुकतीच नावारूपाला येते आहे. राजदरबारच्या मेजवानीत ती गाते. तिच्या मागे सावलीसारखा उभा असतो तिचा गुरू, निकोलाय नझारोफ. वयानं बराच मोठा, शिस्तीचा कडक, भेदक नजरेचा. आवाज तिचा, पण त्याला घडवलंय यानं. कोणाला भेटायचं, कधी गायचं, कोणत्या संगीतकाराकडून तिच्यासाठी ऑपेरा लिहून घ्यायचा, सगळं तोच ठरवतो. त्या रात्रीही तो एका मोठ्या संगीतकाराला तिच्यासाठी नवा ऑपेरा लिहायला राजी करतो. यशाचं दार सताड उघडलेलं आहे.

आणि त्याच रात्री घरी परतल्यावर तो तिला लग्नाची मागणी घालतो.

हा प्रसंग नीट पाहा. आरडाओरडा नाही, धमकी नाही, जबरदस्ती नाही. तो तिच्यावर कुठलाही हक्क सांगत नाही, आणि हीच यातली मेख. मार्सियाला त्याच्याबद्दल आदर आहे, ऋण आहे. प्रेम नाही. ती क्षणभर थबकते आणि ‘हो’ म्हणते. तिच्या चेहऱ्यावर आनंद नसतो, पण दुःखही नसतं. एखादं देणं फेडायची तारीख आली आणि आपण पाकीट उघडलं, असा काहीसा भाव असतो.

आपल्याकडे गुरुदक्षिणा या शब्दाभोवती केवढं पावित्र्य आहे! एकलव्याच्या अंगठ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. गुरूनं मागितलं आणि शिष्यानं दिलं, यापुढे प्रश्नच विचारायचा नाही. मार्सियाही प्रश्न विचारत नाही. फरक इतकाच की तिनं अंगठा दिला नाही, अख्खं आयुष्य दिलं.

एक रात्र, एक दुपार, एक जत्रा

पण ‘हो’ म्हटल्यावर झोप येईना. ती मध्यरात्री घोडागाडी काढून एकटीच फिरायला निघते. गाडीचा घोडा सुटून पळतो, गाडीवान त्याच्यामागे धावतो, आणि मार्सिया विद्यार्थ्यांच्या वस्तीतल्या एका गजबजलेल्या खाणावळीत शिरते. तिथे टोळकं जमवून गात बसलेला असतो पॉल अ‍ॅलिसन. तोही अमेरिकन, गायकीचा विद्यार्थी, खिशात दमडी नाही आणि अभ्यासात फारसं लक्षही नाही.

पुढच्या दिवसाचं जेवण बरोबर घ्यायचं वचन तो तिच्याकडून काढूनच घेतो. त्याच्या खोलीवरच्या त्या जेवणात अमेरिकन पद्धतीचं हॅम आणि अंडी असतात, आणि त्यावर तो ऑपेराच्या थाटात गाणं म्हणतो. परदेशात राहिलेल्या कोणालाही हा प्रसंग चटकन कळेल. राजदरबारात मानानं गाणारी बाई आपल्या गावाकडची चव जिभेवर पडताच सगळा रुबाब विसरून खळखळून हसते. नझारोफच्या घरात ती अशी हसताना दिसली नव्हती, हे आपल्या लक्षात येतं. कोणी बोलून दाखवत नाही.

मग एके दिवशी दोघं पॅरिसजवळच्या सेंट क्लाउडच्या मे डेच्या जत्रेत जातात. झोपाळे, नाच, गर्दी. संध्याकाळी फुललेल्या झाडाखाली तो तिच्यासाठी गातो. हेच गाणं पुढे सिनेमाभर फिरून फिरून येतं. आणि इथेच मार्सिया त्याला सांगते की आपण दुसऱ्याला शब्द दिलाय, आणि तो पाळणार आहोत.

पॉल थांबवत नाही. ती जाते, लग्न करते, आणि नंतरची सात वर्षं सिनेमा काही मिनिटांत उरकतो. शहरामागून शहर, ऑपेरामागून ऑपेरा, टाळ्या, फुलं, आगगाड्या. स्लाव्हको व्होरकापिच हा त्या काळचा अशा झरझर सरकणाऱ्या दृश्यमालिकांचा उस्ताद होता, त्यानं ही रचली आहे. सात वर्षांच्या संसाराला सिनेमात एकही निवांत प्रसंग नाही. त्यातच सगळं आलं.

जो ऑपेरा कधी नव्हताच

सात वर्षांनी मार्सिया न्यूयॉर्कला येते. तिथे तिच्या जोडीला गायला जो बॅरिटोन घेतलेला असतो तो नेमका पॉल. (सोप्रानो म्हणजे बायकांच्या आवाजातला सगळ्यात उंच पट्टीचा आवाज. बॅरिटोन म्हणजे पुरुषांचा मधल्या पट्टीतला, भरदार. इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.) दोघांनी मिळून गायचा ऑपेरा आहे ‘झारित्झा’. राणी आणि तिचा प्रियकर यांची गोष्ट.

हा ऑपेरा शोधायला जाऊ नका, तो अस्तित्वातच नाही. एमजीएमचे संगीतकार हर्बर्ट स्टोथार्ट यांनी चायकोव्हस्कीची पाचवी सिंफनी घेतली, जिच्यात मुळात एकही शब्द नाही. तिच्यातल्या सुरावटी वेगळ्या काढल्या, त्यांवर फ्रेंच शब्द बसवले आणि एक आख्खा ऑपेरा उभा केला, फक्त या सिनेमासाठी. शास्त्रीय संगीताच्या कर्मठ रसिकांनी नाकं मुरडली तर त्यांना दोष देता येणार नाही. मला मात्र हा जुगार जमलाय असं वाटतं. त्या सिंफनीत एक दबलेली, वाढत वाढत जाणारी घालमेल आहे, आणि सात वर्षं गप्प राहिलेल्या दोन माणसांना तीच हवी होती. एखादा प्रसिद्ध ऑपेरा घेतला असता तर त्याची स्वतःची गोष्ट मध्ये आली असती.

आता एक गंमत. तिसऱ्या नेपोलियनची सत्ता 1870 मध्ये संपली. म्हणजे सात वर्षं जोडली तरी न्यूयॉर्कचा प्रयोग फार तर 1877 चा. चायकोव्हस्कीनं ती सिंफनी लिहिली 1888 मध्ये! म्हणजे अजून जन्मालाच न आलेलं संगीत ही मंडळी रंगमंचावर गात असतात. हॉलिवूडला अशा हिशोबाची कधी फिकीर नव्हती.

प्रसंगाचं बळ वेगळ्याच गोष्टीत आहे. रंगमंचावर दोघं प्रेमिकांचं काम करतायत. प्रेक्षकांना वाटतंय काय अप्रतिम अभिनय आहे! आणि आपल्याला माहीत आहे की हा अभिनय नाही. जे खोलीत, बागेत, पत्रात सांगता आलं नाही ते ही दोघं हजारो लोकांसमोर सांगतायत, कारण तिथेच ते सांगायची परवानगी आहे. शेवटच्या मिठीत नाटक कुठे संपलं ते त्यांनाही कळत नाही.

कळतं एकाच माणसाला. बॉक्समध्ये बसलेल्या नझारोफला. तोच तर तिचा गुरू. तिच्या आवाजातला कुठला सूर शिकवलेला आणि कुठला आतून आलेला, हे त्याच्याइतकं कोण ओळखणार?

त्या रात्री मार्सिया पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागते, स्वतःची सुटका. तो देतो म्हणतो. आणि पिस्तूल घेऊन पॉलच्या घरी जातो. मार्सिया धावत पोचते तोवर उशीर झालेला असतो. तिच्या मिठीत मरताना पॉलच्या मनात मे महिन्यातला तोच एक दिवस असतो.

मला न पटलेला शेवट

पुन्हा बाग, पुन्हा मिस मॉरिसन. गोष्ट ऐकून बार्बरा आपला निर्णय घेते आणि किपकडे परतते. म्हाताऱ्या बाई खुर्चीत शांतपणे डोळे मिटतात. मग तरुण मार्सिया उठून चालू लागते, फाटकाशी पॉल उभा असतो, आणि गळणाऱ्या पाकळ्यांमधून दोघं गात निघून जातात. इथे रुमाल लागतो. मलाही लागला.

पण डोळे पुसून झाल्यावर माझं या सिनेमाशी भांडण सुरू होतं. बार्बराला या गोष्टीतून काय कळायला हवं होतं? सिनेमा म्हणतो, कीर्ती आणि प्रेम यांत प्रेम निवड. पण मार्सियानं कीर्तीसाठी प्रेम सोडलंच नव्हतं! गाणं आणि पॉल यांत काही वैर नव्हतं, तोही गाणाराच होता. तिनं प्रेम सोडलं ते उपकाराच्या ओझ्याखाली दिलेल्या एका शब्दासाठी. चूक न्यूयॉर्कला जाण्यात नव्हती, ‘नाही’ म्हणता न येण्यात होती. सिनेमा या दोन गोष्टींची सरमिसळ करतो आणि बिचाऱ्या बार्बराला घरी बसवतो. त्या किपला मात्र कोणी बागेत बसवून चार शब्द सांगत नाही.

1937 च्या प्रेक्षकांना हे खटकलं नसेलही. आज घरात मुलीबरोबर, सुनेबरोबर बसून हा सिनेमा पाहिलात तर शेवटच्या दहा मिनिटांवर वाद होणारच. जरूर होऊ द्या.

खलनायक की गुरू?

नझारोफचं काम जॉन बॅरिमोरनं केलंय. हा अमेरिकन रंगभूमीचा एके काळचा सर्वांत नावाजलेला हॅम्लेट. 1937 पर्यंत दारूनं त्याची स्मरणशक्ती पोखरली होती, आणि त्या काळात तो संवाद मोठ्या फलकांवर लिहून घेऊन वाचत असे. पडद्यावर ते जाणवत नाही. त्याची नजर स्थिर आणि जरा दूरवर लागलेली दिसते, आणि या भूमिकेला ती शोभते.

त्याची निवड उगाच झाली नसावी. 1931 मध्ये त्यानं ‘स्वेंगाली’ नावाच्या सिनेमात एका संगीत शिक्षकाचं काम केलं होतं. तो एका साध्या मुलीला संमोहित करून तिच्याकडून गाऊन घेतो. तिथला गुरू सरळसरळ राक्षसी होता. नझारोफ तसा नाही. त्यानं मार्सियाला फसवलं नाही, छळलं नाही, खरोखर शिकवलं. त्याचं दुःख एवढंच की जे मोल देऊन मिळत नाही तेही त्यानं मोलात धरलं. म्हणून त्याचा राग येतो आणि दयाही येते. अशी माणसं आपल्या आसपास पिस्तूल घेऊन फिरत नाहीत, फक्त ‘आम्ही तुझ्यासाठी काय काय केलं’ एवढंच वरचेवर म्हणतात.

पडद्यामागचं

‘मेटाइम’ मुळात रंगमंचावरचा. सिग्मंड रोमबर्गच्या संगीतानं सजलेला हा ऑपेरेटा, म्हणजे ऑपेराची हलकीफुलकी धाकटी बहीण, 1917 मध्ये ब्रॉडवेवर आला. त्याचंही मूळ बर्लिनमध्ये 1913 साली आलेल्या एका जर्मन संगीतिकेत. सिनेमावाल्यांनी मात्र गोष्टही बदलली आणि संगीतही. रोमबर्गचं एकच गाणं ठेवलं, तेच झाडाखालचं. नाव आणि एक गाणं सोडून बाकी सगळं नवं.

हा सिनेमा खरं तर रंगीत व्हायचा होता. एमजीएमचा तरुण, बुद्धिमान निर्माता आयर्विंग थालबर्ग यानं 1936 मध्ये टेक्निकलरमध्ये, एडमंड गोल्डिंगच्या दिग्दर्शनाखाली चित्रीकरण सुरूही केलं होतं. सप्टेंबरमध्ये थालबर्ग वारला. वय अवघं 37. काम थांबलं, झालेलं चित्रीकरण बाजूला पडलं. मग निर्माता बदलला, दिग्दर्शक बदलला, पटकथा नव्यानं लिहिली गेली, गुरूच्या भूमिकेत पॉल लुकासऐवजी बॅरिमोर आला, आणि सगळं पुन्हा कृष्णधवलमध्ये चित्रित झालं. कधी कधी वाटतं, रंगीत असता तर त्या पाकळ्या इतक्या स्वप्नासारख्या दिसल्या नसत्या. सिनेमाला संगीत आणि ध्वनिमुद्रण या दोन विभागांत ऑस्करची नामांकनं मिळाली, पुरस्कार मात्र दुसऱ्यांकडे गेले. (एमजीएम हे नाव मुंबईकरांना ओळखीचं आहे ते मेट्रो सिनेमामुळे. धोबी तलावचं ते देखणं थिएटर याच कंपनीनं 1938 मध्ये उघडलं.)

आणि ती दोघं. जेनेट मॅकडोनाल्ड आणि नेल्सन एडी. 1935 ते 1942 या काळात त्यांनी आठ सिनेमे एकत्र केले, हा तिसरा. आपल्याकडे नायक-नायिका वेगळे आणि गाणारे गळे वेगळे याची इतकी सवय आहे की एक गोष्ट मुद्दाम सांगते. इथे दोघांचेही आवाज स्वतःचे आहेत. एडी सिनेमात येण्याआधी फिलाडेल्फियात ऑपेरा गात असे. अभिनयात तो थोडा लाकडी आहे, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करावं. पण तो गायला लागला की लाकूड विसरायला होतं.

मॅकडोनाल्डची गोष्ट उलटी. ती पडद्यावर आधी ऑपेरा गायिका झाली आणि प्रत्यक्षात नंतर. या सिनेमातल्या एका प्रसंगात ती मुलाच्या वेशात एका राजसेवकाची भूमिका गाताना दिसते. आपल्याकडे संगीत नाटकात पुरुष स्त्रीपार्टी करत, ऑपेरात कोवळ्या मुलांच्या भूमिका बायका गातात. पण हे सगळं स्टुडिओतलं, आधी मुद्रित केलेलं. खरा ऑपेरा म्हणजे माइकशिवाय, समोरच्या अख्ख्या वाद्यवृंदाच्या वर आवाज चढवून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणं. ते धाडस तिनं चाळिशीच्या उंबरठ्यावर केलं. लोट्टे लेहमान या थोर गायिकेकडे शिकायला बसली, आणि 1943 मध्ये माँट्रियलच्या रंगमंचावर ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मध्ये ज्युलिएट म्हणून उभी राहिली. सिनेमातली नामवंत तारका पुन्हा शिष्या झाली. मार्सियाला जे कोणी करू दिलं नाही, म्हणजे आपल्या गाण्याचे निर्णय आपण घेणं, ते मार्सिया साकारणाऱ्या बाईनं केलं.

1965 मध्ये मॅकडोनाल्ड गेली. दोन वर्षांनी, मार्च 1967 मध्ये, एडी मायामी बीचला कार्यक्रम करत असताना रंगमंचावरच कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

पाहणार असाल तर दोन गोष्टी सांगते. सुरुवातीचा भाग संथ आहे, खाणावळीपर्यंत धीर धरा. आणि मोबाइलवर पाहत असाल तर निदान ‘झारित्झा’साठी तरी इअरफोन लावा. तो प्रसंग चालू असताना सगळ्यांचं लक्ष साहजिकच गाणाऱ्या दोघांकडे जातं. पण कॅमेरा मध्येच वर बॉक्सकडे वळतो, तेव्हा तिथे बसलेल्या माणसाचा चेहरा चुकवू नका.